झोहो कंपनी कशी वाढली आणि सोलापूरच्या धंद्याला तिचा उपयोग काय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या टॉवेल आणि युनिफॉर्मच्या कारखान्यांत, पेठांतल्या दुकानांत हिशेबाची सॉफ्टवेअर बसवून देणं आणि ती शिकवणं हे माझं काम. २०२५ च्या सप्टेंबरपासून झोहोबद्दल विचारणा एवढी वाढली की तेच ते प्रश्न रोज व्हॉट्सअॅपवर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कोणतं बटण कुठं आहे ते व्हिडिओ बघून कळतं. कंपनी कोणाची, ती कोणाच्या पैशावर उभी राहिली, हे सहसा कोणी सांगत नाही. आपली खातेवही दुसऱ्याच्या हवाली करण्याआधी हेच बघायला हवं असं माझं ठाम मत आहे, म्हणून इतिहासाची उत्तरं इथे जास्त लांब आहेत. मी झोहोचा एजंट नाही.

१. झोहो म्हणजे नक्की काय? टॅलीसारखंच एक सॉफ्टवेअर का?

नाही. टॅली हे प्रामुख्याने हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. झोहो ही कंपनी आहे आणि तिची पंचावन्नहून जास्त सॉफ्टवेअर आहेत. हिशेबासाठी झोहो बुक्स, मालाच्या साठ्यासाठी झोहो इन्व्हेंटरी, गिऱ्हाइकांच्या पाठपुराव्यासाठी झोहो सीआरएम, ईमेलसाठी झोहो मेल, हजेरी-रजेसाठी झोहो पीपल, पगारासाठी झोहो पेरोल, शिवाय आपल्याला हवं तसं छोटं अॅप बांधून घ्यायला झोहो क्रिएटर. २०१७ मध्ये यातली बहुतेक सगळी एकत्र करून ‘झोहो वन’ नावाचं एकच पॅकेज निघालं. सोलापुरातल्या साध्या कारखान्याला यातली दोन-तीनच लागतात. सगळं घ्यायच्या भरीस पडू नका.

२. क्लाउड म्हणजे काय? आपला डेटा नक्की राहतो कुठे?

पूर्वी सॉफ्टवेअर म्हणजे सीडी आणायची, एका कॉम्प्युटरवर बसवायची आणि डेटा त्याच डब्यात ठेवायचा. क्लाउडमध्ये सॉफ्टवेअर आणि डेटा दोन्ही कंपनीच्या मोठ्या सर्व्हरवर राहतात. आपण मोबाईल किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून तिथं पोचतो आणि दरमहा किंवा दरवर्षी भाडं भरतो. भारतातल्या गिऱ्हाइकांसाठी झोहोची डेटा सेंटर मुंबई आणि चेन्नईत आहेत. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट इन’ दिसत असेल तर आपलं खातं भारतातलं. ते ‘डॉट कॉम’ निघालं तर प्रश्न १९ बघा.

धंद्याची सॉफ्टवेअर अशी भाड्यानं देण्याची पद्धत नावारूपाला आणली ती अमेरिकेतल्या सेल्सफोर्सनं. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका छोट्या फ्लॅटमध्ये ती कंपनी सुरू झाली, २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. सेल्सफोर्सच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९९८ मध्ये, हिशेबासाठी नेटसूट सुरू झाली होती. २०१६ मध्ये ती ओरॅकलनं विकत घेतली, सुमारे ९.३ अब्ज डॉलरला.

३. झोहो अमेरिकेची कंपनी आहे की आपली?

कागदोपत्री सुरुवात अमेरिकेत, काम पहिल्यापासून चेन्नईत. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्लेझंटन इथे ‘अॅडव्हेंटनेट’ नावानं कंपनी निघाली. श्रीधर वेंबू, त्यांची भावंडं आणि टोनी थॉमस हे सुरुवातीचे लोक. वेंबू आयआयटी मद्रासचे, १९८९ चे पदवीधर, पुढे प्रिन्स्टनहून पीएचडी, मग क्वालकॉममध्ये नोकरी. झोहो हे नाव मूळ कंपनीचं नव्हतंच. ते २००५ मध्ये एका सॉफ्टवेअरच्या मालिकेला दिलेलं नाव होतं. ती मालिका इतकी चालली की २००९ मध्ये कंपनीनं स्वतःचंच नाव बदलून ‘झोहो कॉर्पोरेशन’ केलं.

आज मुख्यालय चेन्नईत आहे, अमेरिकेतलं कार्यालय टेक्सासमधल्या ऑस्टिनजवळ. मालकी बहुतांशी वेंबू कुटुंबाकडे आहे.

४. मग एवढी मोठी कशी झाली? कोणी मोठा गुंतवणूकदार मिळाला का?

नाही मिळाला, आणि घेतलाही नाही. या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

अॅडव्हेंटनेटचा पहिला धंदा आपल्याला दिसणारा नव्हता. टेलिफोन आणि नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना ती यंत्रं नीट चालताहेत का हे दुरून बघता यावं म्हणून लागणारी सॉफ्टवेअरची हत्यारं ते विकत. गिऱ्हाइकं थोडी पण मोठी. २००० मध्ये वेंबू मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि लगेच इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला. टेलिकॉममधली गिऱ्हाइकं एकामागून एक बंद पडली किंवा खरेदी थांबवून बसली. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर अवलंबून राहणं कसं अंगाशी येतं, हे कंपनीला तेव्हा कळलं.

त्यातून २००२ मध्ये ‘मॅनेजइंजिन’ निघालं. इथे विचार उलटा होता. यंत्रं बनवणाऱ्या मूठभर कंपन्यांऐवजी ती यंत्रं वापरणाऱ्या हजारो कंपन्यांच्या आयटी खात्यांना थेट विकायचं. किंमत कमी ठेवायची, माल इंटरनेटवरून उतरवून घेऊ द्यायचा, वापरून बघू द्यायचा, पटलं तर पैसे. दारोदार फिरणाऱ्या सेल्समनची फौज नको, म्हणून खर्चही कमी. हा धंदा चालला.

मॅनेजइंजिनच्या कमाईतून २००५ मध्ये झोहो सुरू झालं. त्या वर्षी झोहो रायटर आणि झोहो सीआरएम आले, पुढच्या वर्षी झोहो शीट, झोहो प्रोजेक्ट्स, झोहो क्रिएटर. २००८ च्या ऑगस्टमध्ये दहा लाख वापरकर्ते झाले. २०११ मध्ये झोहो बुक्स आलं, जे आपल्याकडे जास्त वापरतात. २०१७ मध्ये झोहो वन. २०२३ मध्ये वापरकर्ते दहा कोटींवर गेल्याचं कंपनीनं जाहीर केलं. २०२२-२३ या आर्थिक वर्षात महसूल सुमारे ८,७०० कोटी रुपये आणि नफा २,८०० कोटींच्या वर होता.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांच्या मालकांना मी हे एका वाक्यात सांगतो : एका मागाच्या कमाईतून दुसरा माग घेतला, दोघांच्या कमाईतून शेड बांधली. सावकार मध्ये आला नाही. सोलापुरात अशी वाढ पाहिलेली माणसं घरोघरी आहेत, त्यामुळे त्यांना हे लगेच कळतं.

५. पण बाहेरचा पैसा घेतला नाही याचा मला गिऱ्हाईक म्हणून काय फायदा?

गुंतवणूकदारांचा पैसा घेतलेल्या कंपनीला काही वर्षांत तो पैसा कितीतरी पटीनं परत दाखवावा लागतो. मग सुरुवातीला फुकट दिलेलं सॉफ्टवेअर एकदम महाग होतं, नाहीतर कंपनी दुसऱ्याला विकली जाते आणि नवा मालक ते सॉफ्टवेअरच बंद करतो. आपला तीन वर्षांचा हिशेब त्यात अडकलेला असतो. ज्या कंपनीचा पगार गिऱ्हाइकांच्या भाड्यातून निघतो, तिला ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही टिकवावं लागतं. माझ्या नजरेत हा मोठा फरक आहे.

तोटाही सांगतो. पैसा स्वतःचा, त्यामुळे चाल सावध. सेल्सफोर्सनं वाढताना मोठमोठ्या कंपन्या विकत घेतल्या. २०१९ मध्ये आकडेवारीचे तक्ते दाखवणारी टॅब्लो, २०२१ मध्ये सुमारे २७.७ अब्ज डॉलरला ऑफिसातल्या निरोपांचं अॅप बनवणारी स्लॅक. झोहोनं बहुतेक सगळं स्वतः बांधलं. त्यामुळे काही अॅप उत्तम आहेत आणि काही अजून कच्ची वाटतात. हा सावधपणा २०२५ मध्येही दिसला. चिप बनवण्याची मोठी योजना त्यांनी हाती घेतली होती, पण तंत्रज्ञानाच्या वाटेची खात्री पटेना म्हणून ती थांबवली. हातात पैसा असताना थांबता येणं मला कौतुकाचं वाटतं.

दुसऱ्या वाटेनं गेलेल्या कंपन्या वाईट असतात असं नाही. झोहोतूनच बाहेर पडलेल्या गिरीश मातृभूतम यांनी २०१० मध्ये आज फ्रेशवर्क्स म्हणून ओळखली जाणारी कंपनी काढली, गुंतवणूकदार घेतले आणि २०२१ मध्ये ती अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात नेली. तीही चेन्नईतूनच उभी राहिलेली.

६. झोहोचे शेअर कुठे मिळतील?

मिळणार नाहीत. कंपनी शेअर बाजारात नाही. ‘लिस्ट व्हायच्या आधी स्वस्तात देतो’ असा फोन किंवा व्हॉट्सअॅप निरोप आला तर एक रुपयाही देऊ नका.

७. वेंबू अजूनही कंपनी चालवतात का?

२०२५ च्या जानेवारीत त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं पद सोडलं आणि मुख्य शास्त्रज्ञ म्हणून संशोधनाकडे वळले. शैलेश कुमार डेव्ही हे समूहाचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. मणी वेंबू यांच्याकडे झोहो विभाग, राजेश गणेशन यांच्याकडे मॅनेजइंजिन आणि टोनी थॉमस यांच्याकडे अमेरिकेचं काम आलं. श्रीधर वेंबूंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आहे.

८. ते गावात राहतात, सायकलवर फिरतात असे व्हिडिओ येतात. खरं काय त्यात?

व्हिडिओ सोडा, त्यामागचं काम बघा. तमिळनाडूत पश्चिम घाटाच्या पायथ्याशी तेनकासी आहे. कुर्ताळमच्या धबधब्यांसाठी लोक तिकडे जातात. त्याच्याजवळच्या मत्तलंपारै गावात झोहोनं २०११ मध्ये छोटं कार्यालय उघडलं. वेंबू स्वतः २०१९ मध्ये तिकडे राहायला गेले. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट : झोहो डेस्क, म्हणजे गिऱ्हाइकांच्या तक्रारी हाताळण्याचं सॉफ्टवेअर, तेनकासीत तयार झालं आणि २०१६ मध्ये जगभर विक्रीला आलं. गावात फक्त फोन उचलणारी माणसं बसवली असती तर तो दिखावा ठरला असता. तिथं मूळ उत्पादन बनलं. आंध्रात तिरुपतीजवळच्या रेणिगुंट्यातही त्यांचं केंद्र आहे.

९. तेनकासीत जमतं तर आपल्या सोलापुरात का नाही?

हा प्रश्न मुलांपेक्षा पालक जास्त विचारतात, कारण मुलं आधीच पुण्यात असतात. आपल्याकडे इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, २००४ पासून स्वतःचं विद्यापीठ आहे. तेनकासीपेक्षा सोलापूर कितीतरी मोठं शहर आहे. मग अडतं कुठं?

माझं मत असं. तेनकासीला कार्यालय आलं तेव्हा कंपनी पंधरा वर्षांची होती आणि तिच्याकडे स्वतःची कमाई होती. मुळं चेन्नईत धरली, फांदी गावात गेली. सोलापुरात मोठी कंपनी येऊन केंद्र काढेल याची वाट बघण्यापेक्षा इथल्याच धंद्याला लागणारं सॉफ्टवेअर इथेच बनवणं ही जवळची वाट आहे. टॉवेल किलोवर विकायचा की डझनावर, सूत कोणत्या काउंटचं, बीमवर किती मीटर ताणा चढला, रंगवायला दिलेल्या सुतात किती घट आली, हे चेन्नईतल्या इंजिनिअरला समजावून सांगावं लागतं. जोडबसवण्णा चौकातल्या पोराला ते घरातच कळलेलं असतं. आणि ते त्याला मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषांत कळलेलं असतं. अॅडव्हेंटनेटचं पहिलं गिऱ्हाईक असंच एका अरुंद धंद्यातलं होतं.

१०. डिग्री नसताना झोहोत नोकरी लागते का? मुलगी बारावी झाली आहे.

थेट नोकरी नाही, पण वाट आहे. २००५ च्या सुमारास कंपनीनं ‘झोहो युनिव्हर्सिटी’ सुरू केली, सुरुवात अगदी मोजक्या विद्यार्थ्यांनी झाली. आता तिला ‘झोहो स्कूल्स ऑफ लर्निंग’ म्हणतात. बारावी किंवा डिप्लोमा झालेल्या मुलामुलींना निवडून सुमारे दोन वर्षं शिकवतात. फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं. शिक्षणाच्या शेवटी कंपनीत काम, आणि तिथले अनेकजण पुढे मोठ्या जागांवर गेले आहेत.

दोन गोष्टी मुलीला आधी सांगा. यातून विद्यापीठाची पदवी मिळत नाही, त्यामुळे पुढे पदवी मागणाऱ्या सरकारी परीक्षांना ते चालणार नाही. आणि राहणं तमिळनाडूत. प्रवेशाची माहिती फक्त त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. ‘सीट मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला प्रश्न ६ चंच उत्तर द्या.

११. सरकारनं सगळे ईमेल झोहोला दिले म्हणे. आणि अरट्टई पण यांचंच ना?

केंद्र सरकारच्या ईमेलसाठी निविदा निघाली आणि २०२३ मध्ये ते काम झोहोकडे गेलं. त्यानंतर सुमारे १२ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांचे ईमेल त्यांच्या व्यवस्थेवर आले. पत्ते मात्र पूर्वीसारखेच सरकारी आहेत. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अश्विनी वैष्णव, अमित शहा यांनी आपण झोहोकडे वळल्याचं जाहीर केलं आणि चर्चा घरोघरी गेली.

अरट्टई हे त्यांचंच निरोपांचं अॅप. ते २०२१ मध्येच आलं होतं, पण लोकांनी धडाधड उतरवून घेतलं ते २०२५ च्या सप्टेंबरमध्ये. त्याचा आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी संबंध नाही. मंत्री वापरतात म्हणून हिशेबाचं सॉफ्टवेअर बदलू नये, आपल्या कारखान्याला लागतं म्हणून बदलावं.

१२. मग टॅली सोडून द्यावं का?

प्रत्येकानं सोडावं असं मी म्हणत नाही. बंगळूरची टॅली १९८६ पासून आहे, सोलापुरातल्या जवळजवळ प्रत्येक सीएच्या ऑफिसात ती चालते, आणि जुने दिवाणजी कीबोर्डकडे न बघता तिच्यात नोंदी करतात. तो वेग झोहो बुक्समध्ये त्यांना मिळत नाही. एकाच जागी बसून एकच माणूस हिशेब लिहीत असेल तर टॅली पुरते.

मालक बाजारात, माल चिंचोळी एमआयडीसीत, दुकान नवी पेठेत आणि सीए तिसरीकडे, अशी अवस्था असेल तर क्लाउड उपयोगी. बिल झालं की मालकाला मोबाईलवर दिसतं, दिवाणजींना फोन करून ‘बाकी किती आली’ विचारावं लागत नाही. निर्णय घ्यायच्या आधी आपल्या सीएंना विचारा. ते ज्यात काम करत नाहीत ते सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी मार्चअखेरीला डोकेदुखी होते. बदलायचंच असेल तर १ एप्रिलपासून बदला, वर्षाच्या मध्ये नको.

१३. लाईट गेली, नेट गेलं तर बिल कसं काढायचं?

मोबाईलवरून. झोहो बुक्सचं मोबाईल अॅप आहे आणि मोबाईलचं नेट बहुतेक वेळा चालू असतं. तरीही दुकानात छापील बिलबुकाचा एक गठ्ठा ठेवा, त्याची क्रमांकमालिका वेगळी ठेवा आणि नेट आल्यावर त्याच दिवशी नोंद करा. एकाच मालिकेत दोन्हीकडून बिलं फाडली की जीएसटी रिटर्नला क्रमांक जुळत नाहीत.

१४. कंपनीच बंद पडली किंवा साईट बंद झाली तर आमचा हिशेब गेला का?

ज्या शहरानं १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी बंद पडताना पाहिली आणि नंतर लक्ष्मी-विष्णू गिरणीही पाहिली, त्या शहरानं हा प्रश्न विचारणं साहजिक आहे. ‘एवढी मोठी कंपनी कशी बंद पडेल’ हे उत्तर इथे कोणी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये.

घडलेली घटना सांगतो. २४ सप्टेंबर २०१८ ला झोहोचं संकेतस्थळ काही तास जगभर अनेकांना उघडेना. सर्व्हर ठीक होते, डेटा ठीक होता. ज्या कंपनीकडे झोहोच्या संकेतस्थळाचं नाव नोंदवलेलं होतं, तिनं फसवणुकीच्या ईमेलच्या तक्रारींवरून ते नावच थांबवलं होतं. त्यानंतर झोहोनं ते नाव त्या कंपनीकडून हलवलं आणि नावनोंदणीचं काम स्वतःकडेच घ्यायचं ठरवलं. स्वतःचं सगळं असलं तरी एक दोरी दुसऱ्याच्या हातात राहिली तर काय होतं, ते त्या दिवशी दिसलं.

म्हणून आपली दोरी आपल्या हातात ठेवा. झोहो बुक्समधून डेटाचा बॅकअप उतरवून घेता येतो. दर महिन्याला रिटर्न भरलं की तो उतरवा, पेन ड्राइव्हवर आणि सीएंकडे अशा दोन जागी ठेवा. बिलांची पीडीएफही वर्षाअखेरीला काढून ठेवा. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. भाडं भरणं थांबवलं म्हणून ही जबाबदारी संपत नाही.

१५. उलाढाल पाच कोटींच्या खाली आली. आता ई-इन्व्हॉइस बंद करू का?

नाही. इथे बरेचजण फसतात. ई-इन्व्हॉइस म्हणजे सरकारी पोर्टलवर चढवून क्रमांक घेतलेलं बिल. १ ऑगस्ट २०२३ पासून मर्यादा पाच कोटी आहे, पण ती चालू वर्षाची नाही. २०१७-१८ पासून कोणत्याही एका आर्थिक वर्षात उलाढाल पाच कोटींवर गेली असेल तर नियम लागू होतो आणि पुढे मंदी आली तरी लागू राहतो. उलाढाल त्या पॅनवरच्या सगळ्या नोंदणींची मिळून धरतात. दहा कोटी आणि त्यावर उलाढाल असणाऱ्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत ते पोर्टलवर चढवावं लागतं. नंतर पोर्टल घेतच नाही. किरकोळ गिऱ्हाइकाच्या बिलाला ई-इन्व्हॉइस लागत नाही.

झोहो बुक्समधून ई-इन्व्हॉइस थेट काढता येतं, मात्र त्यासाठी पोर्टलवर आधी नोंदणी करून तो दुवा जोडावा लागतो.

१६. सूत रंगवायला बाहेर देतो, विणायला दुसऱ्याकडे, शिलाईला तिसरीकडे. हे झोहोत बसतं का?

बसतं, पण ओढून-ताणून. अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यातलं टेबल डोळ्यापुढे आणा. कीबोर्डवर टॉवेलच्या रोव्याचा थर, शेजारी कार्बन घातलेलं चलन बुक, दिवाणजी उभ्यानंच लिहिताहेत : सूत अमुक किलो, रंग मोरपिशी, नग इतके. रिक्षा बाहेर थांबलेली. हे चलन कॉम्प्युटरवर काढायचं तर ते त्याच वेगानं निघायला हवं, नाहीतर दिवाणजी पुन्हा बुकाकडे वळतात.

झोहो बुक्समध्ये डिलिव्हरी चलनाचा ‘जॉबवर्क’ हा प्रकार आहे, तोच वापरा. विक्रीचं बिल करून नंतर रद्द करण्याचा उद्योग करू नका. गेलेला माल एक वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर तो ज्या दिवशी पाठवला त्या दिवशी विकला असं धरतात. जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचं आयटीसी-०४ हे विवरण पाच कोटींवर उलाढाल असेल तर सहामाही, त्याखाली वार्षिक. महाराष्ट्रात हँक (सुताच्या लड्या), सूत, कापड आणि कपडे जॉबवर्कसाठी ५० किलोमीटरच्या आत नेताना ई-वे बिलाची, म्हणजे मालवाहतुकीसाठी पोर्टलवर काढायच्या कागदाची, सूट आहे, म्हणजे शहरातल्या शहरात रिक्षाला ई-वे बिल लागत नाही. चलन मात्र सोबत हवंच. हाच माल इचलकरंजीला निघाला तर ही सूट नाही.

रंगवताना आलेली घट आणि बीमचा हिशेब तयार स्वरूपात मिळत नाही. त्यासाठी क्रिएटरमध्ये छोटं अॅप करून घ्यावं लागतं, किंवा वही ठेवावी लागते. मी बहुतेकांना पहिलं वर्ष वहीच ठेवायला सांगतो.

१७. आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे. चुकलेली नोंद पुसता येईल का?

पुसता येणार नाही आणि पुसूही नये. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीला असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात नोंद कोणी, कधी, काय बदलली याचा माग राहतो आणि तो बंद करता येत नाही. हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असणंही बंधनकारक आहे. ऑडिटर याबद्दल अहवालात लिहितात. प्रोप्रायटरी आणि भागीदारी पेढ्यांना कंपनी कायद्याचा हा नियम लागू नाही. तरी माझा सल्ला, हा बदलांचा माग चालूच ठेवा. भावाभावांची भागीदारी असेल तर नक्कीच ठेवा.

१८. खातं दिवाणजींच्या जीमेलवर काढलं होतं. ते सोडून गेले. आता मालकालाच आत जाता येत नाही.

हे टाळणं सोपं, निस्तरणं कठीण. दिवाणजींशी गोडीत बोला आणि त्यांच्याकडूनच मालकी आपल्या ईमेलवर वळवून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. ते तयार नसतील तर कंपनीच्या मदत कक्षाकडे जीएसटी प्रमाणपत्र, पॅन आणि भाडं भरल्याची पावती देऊन अर्ज करावा लागतो, आणि त्याला वेळ जातो. नवीन खातं काढताना ईमेल पेढीच्या नावाचा, मोबाईल मालकाचा आणि दिवाणजींना वेगळा लॉगिन, हिशेब लिहिण्यापुरत्या अधिकाराचा. सीएंनाही वेगळा लॉगिन द्या. एकच पासवर्ड चौघांत फिरवला तर प्रश्न १७ मधल्या मागाला काही अर्थ राहत नाही.

१९. भावानं दुबईत बसून खातं काढलं, पत्ता ‘डॉट कॉम’ दिसतो. काही अडचण?

प्रोप्रायटरी पेढीला लगेच अडचण नाही, पण डेटा भारताबाहेरच्या सर्व्हरवर आहे हे लक्षात घ्या. खातं काढताना जो देश निवडला त्यावर डेटा सेंटर ठरतं आणि ते नंतर सेटिंगमधून बदलता येत नाही. कंपनी असेल तर प्रश्न १७ मधल्या बॅकअपच्या नियमामुळे हे चालणारच नाही. नोंदी थोड्या असतील तर भारतातलं नवीन खातं काढून त्यात हलवणं सोपं पडतं; जास्त असतील तर मदत कक्षाला लिहून विचारा. दोन्हींत जुन्या खात्याचा पूर्ण बॅकअप आधी उतरवा आणि नव्या खात्यात सुरुवातीच्या बाक्या सीएंकडून तपासून घेतल्याशिवाय एकही बिल फाडू नका.